वस्तू, हात आणि वन : खानदेशातील आदिवासींच्या हस्तनिर्मित नित्योपयोगी वस्तूंच्या आकलनाची चिकित्सा

प्रस्तावना :

मानवी समूहांच्या संस्कृतीचा विचार करताना भाषा, विधी, लोकगीते व लोककथा यांची नोंद तत्परतेने घेतली जाते. त्या मानाने रोजच्या वापरातील, हाताने घडविलेल्या वस्तू मराठी संशोधनाच्या व समीक्षेच्या कक्षेत उशिरा आल्या. टोपली, सूप, कणगी, तिरकामठा, तुंबा, बाज, गोधडी या वस्तू आल्या तेव्हाही बहुधा यादीच्या रूपाने आल्या. खानदेशाच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर यांच्यामधील या प्रदेशात भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणा इत्यादी जमातींची वस्ती आहे. जामनेर तालुका या प्रदेशाच्या दक्षिण कडेला येतो. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूर नदी पुढे याच तालुक्यातून तापीकडे जाते. लेण्यांच्या भिंतींवर रंगविलेली भांडी, आसने, वाद्ये व वस्त्रे यांवर १८१९ नंतर विपुल लेखन झाले. त्याच नदीच्या काठी तुराट्यांची टोपली विणणाऱ्या हातांविषयी मात्र अभ्यासकाला सांगता येण्यासारखे फार थोडे लिहिले गेले आहे. रंगविलेले भांडे अभ्यासविषय ठरले आणि वापरातील टोपली अभ्यासाबाहेर राहिली. ही निवड कोणत्या दृष्टीतून झाली, हे तपासणे आवश्यक आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, आदिवासींच्या नित्योपयोगी वस्तूंकडे पाहण्याच्या प्रचलित दृष्टी वस्तूचा आकार आणि तिचे सौंदर्य टिपतात; परंतु वस्तूला जन्म देणारा संबंध, म्हणजे कच्चा माल मिळविण्याचा अधिकार, घडविणाऱ्याचे कौशल्य आणि वस्तूला दिलेले नाव, त्यांच्या नजरेतून निसटतो. परिणामी या वस्तूंच्या ऱ्हासाचे कारण 'बदलत्या आवडी'त शोधले जाते. वस्तुतः त्याचे एक प्रमुख कारण वनाशी असलेला हक्काचा संबंध तुटण्यात आहे.

१) नावाचा प्रश्न :

वस्तूच्या अभ्यासाआधी ती वापरणाऱ्या समूहाच्या नावाचा विचार करावा लागतो. 'भिल्ल' या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती धनुष्यवाचक द्राविड शब्दापासून सांगितली जाते. ती ग्राह्य धरल्यास असे दिसते की, एका संपूर्ण समाजाची ओळख इतरांनी त्याच्या हातातील एका वस्तूवरून ठरविली. १८१८ नंतर खानदेशात ब्रिटिश सत्ता स्थिरावू लागली आणि १८२५ मध्ये औट्रम यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभी राहिली. धरणगाव हे तिचे केंद्र होते. या काळातील शासकीय लेखनात भिल्लांचा विचार प्रामुख्याने बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून झालेला आहे. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील खानदेश खंड माहितीच्या दृष्टीने मौलिक असला, तरी त्याची मांडणी राज्यकर्त्यांच्या गरजेतून झालेली आहे. अशा लेखनात तिरकामठा हे मुख्यतः शस्त्र ठरते. घराच्या दृष्टीने तो पीक राखण्याचे, शिकारीचे आणि संरक्षणाचे साधन होता. बांबूची कामठी व बांबूच्याच चिवट कामटीची दोरी असा हा धनुष्य घडविण्यासाठी कोणत्या वयाचा बांबू घ्यावा, तो कधी तोडावा आणि किती वाळवावा याचे ज्ञान लागते. 'शस्त्र' या एका शब्दाने त्या ज्ञानाची नोंद होत नाही.

हा प्रश्न खानदेशापुरता मर्यादित नाही. त्याचे अधिक टोकदार रूप अंदमानातील जारवा जमातीच्या बाबतीत दिसते. 'जारवा' हे नाव शेजारच्या अंदमानी भाषेतील असून त्याचा अर्थ 'परका' असा सांगितला जातो. ते लोक स्वतःला 'आंग' म्हणवतात. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ३८० होती. एका समूहाला शस्त्रावरून आणि दुसऱ्याला परकेपणावरून मिळालेले नाव पुढे त्यांच्या वस्तूंनाही चिकटते. संग्रहालयात 'जारवांची टोपली' अशी पाटी लागते, तेव्हा ती वस्तू प्रथम परकी आणि नंतर टोपली असते.

२) संग्रहालयाची दृष्टी :

नित्योपयोगी वस्तूला प्रतिष्ठा देण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने केले आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे डॉ. दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी, वाद्ये, दरवाजे अशा वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवैभवापेक्षा घरातील वस्तूंमध्ये संस्कृती शोधण्याची ही दृष्टी मराठी सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाची आहे. तथापि या संग्रहाचा कल धातू, लाकूड, हस्तिदंत अशा टिकाऊ माध्यमांतील व अलंकृत वस्तूंकडे आहे. बांबू, पाने, गवत, भोपळा यांपासून केलेल्या वस्तू नाशवंत असतात. त्या मोडतात, किडतात, जळतात आणि पुन्हा केल्या जातात. वस्तू जपण्यापेक्षा ती पुन्हा करण्याचे कौशल्य जपणे, ही त्या समाजाची जतनाची रीत आहे. संग्रहालय वस्तू टिकविते. पुनर्निर्मितीची ही साखळी त्याला टिकविता येत नाही.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आदिवासींची भांडी, अवजारे, वाद्ये व अलंकार जतन केले आहेत. गुजरातमधील तेजगढ येथील आदिवासी अकादमीने यापुढे जाऊन आदिवासींनीच आपल्या वस्तूंविषयी बोलावे, अशी भूमिका घेतली. ही दिशा स्वागतार्ह आहे. तरीही संग्रहालय या माध्यमाची एक अंगभूत मर्यादा उरते. काचेच्या आड ठेवलेल्या वस्तूचा वापर थांबलेला असतो. सुपाने पाखडताना होणारी मनगटाची हालचाल, कणगीला आतून-बाहेरून दिलेला शेणमातीचा लेप आणि तो दरवर्षी नव्याने देणारे हात पाटीवर मावत नाहीत.

संग्रहालयीन दृष्टीतील दुसरा दोष 'मूळ' आणि 'अस्सल' या कल्पनांचा आहे. जारवांच्या वस्तू या संदर्भात उद्बोधक आहेत. धनुष्यबाण, छातीवर बांधावयाचे सालीचे कवच, मध साठविण्यासाठी लाकडात कोरलेले पात्र आणि पाठीवर वाहून नेण्याची वेताची टोपली या त्यांच्या परिचित वस्तू होत. त्या 'बाह्य जगाचा स्पर्श नसलेल्या' मानण्याचा मोह होतो. परंतु त्यांच्या बाणांची अनेक टोके लोखंडाची असतात आणि ते लोखंड बाहेरचे असते. किनाऱ्यावर फुटलेली जहाजे आणि नंतर आसपासच्या वसाहती यांतून मिळालेले लोखंड त्यांनी घासून, ठोकून आपल्या गरजेप्रमाणे घडविले. म्हणजेच बाहेरची सामग्री स्वीकारून ती आपल्या पद्धतीने वापरणे हेच त्या परंपरेचे जिवंतपण आहे. सातपुड्यातील घरातही मडके कुंभाराचे, विळ्याचे पाते लोहाराचे आणि टोपली घरची, अशी मिश्र व्यवस्था असते. तिच्यातून 'शुद्ध आदिवासी' वस्तू निवडून काढण्याचा प्रयत्न अभ्यासाला दिशाभूल करणारा ठरतो.

३) कलेची दृष्टी :

आदिवासी निर्मितीला प्रतिष्ठा मिळवून देणारी आधुनिक महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी घटना म्हणजे वारली चित्रकलेचा स्वीकार. लग्नप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर स्त्रियांनी काढावयाचा चौक १९७० च्या दशकात कागदावर आला. जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. या प्रक्रियेतून एका दुर्लक्षित समाजाला नाव, उत्पन्न आणि आत्मविश्वास मिळाला, हे नि:संशय आहे.

परंतु या यशामुळे एक निकष नकळत रूढ झाला. आदिवासींची जी निर्मिती भिंतीवर टांगता येते ती कला, आणि जी चुलीजवळ राहते ती केवळ वस्तू, असा तो निकष होय. चित्र कागदावर नेता आले, कणगी नेता येत नाही. तिचे मोल धान्य भरण्यात आहे. दिवाणखान्यात ठेवलेली कणगी शोभेची वस्तू होते. हस्तकला विक्री केंद्रांतून मिळणाऱ्या बांबूच्या दिव्यांच्या झुंबरांनी आणि पेनदाण्यांनी काही कुटुंबांना रोजगार दिला असेल. तथापि त्या वस्तूंचा आकार ग्राहकाच्या घराने ठरविलेला असतो, करणाऱ्याच्या घराने नव्हे. त्यामुळे कारागीर टिकला तरी वस्तूंची मूळ कुळी टिकेलच असे नाही.

कला आणि उपयोग यांची ही फारकत आदिवासी जीवनात आढळत नाही. सातपुड्यातील होळीच्या वेळी नाचणारे पुरुष बांबूच्या कामट्यांच्या उंच टोप्या घालतात आणि कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधतात. घरात पाणी ठेवणारा तुंबा आणि नाचात ताल देणारा भोपळा एकाच वेलीचे असतात. टोपली विणणाऱ्या बोटांनीच टोपी विणलेली असते. अशा ठिकाणी उपयुक्त वस्तू कोठे संपते आणि कलावस्तू कोठे सुरू होते, हा प्रश्नच बाहेरच्या वर्गीकरणातून आलेला आहे.

४) साहित्याची दृष्टी :

मराठी साहित्याने या वस्तूंकडे कसे पाहिले? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात अलुते-बलुतेदारांच्या व्यवस्थेचे बारकाईने चित्रण आहे. गावातील वस्तू आणि तिची दुरुस्ती जातीनिहाय सेवेतून आणि धान्यरूप मोबदल्यातून कशी मिळत असे, हे त्यातून कळते. डोंगरातील घराची स्थिती काही अंशी वेगळी होती. तेथे अनेक वस्तू घरातल्या घरातच केल्या जात. गावगाड्याचा आराखडा डोंगरातील वस्तूंना जसाच्या तसा लागू केल्यास हा भेद पुसला जातो.

खानदेशाच्या दृष्टीने या संदर्भात दोन नावांचा विचार अपरिहार्य आहे. पहिले नाव असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे. त्या आदिवासी नव्हत्या. शेतकरी कुटुंबातील निरक्षर स्त्री होत्या. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांचे मोल येथे असे की, त्यांत जात्यासारखी वस्तू वर्णनाचा विषय राहत नाही, ती संवादातील दुसरी व्यक्ती होते. जात्यासाठी त्या 'घरोट' हा आपल्या बोलीतील शब्द वापरतात. या एका शब्दात पहाटेचे दळण, हाताचे घट्टे आणि संसाराचा हिशोब एकत्र येतो. प्रमाण मराठीतील 'जाते' हा शब्द ठेवल्यास अर्थ कळेल, परंतु तो हात कळणार नाही. येथे वस्तूचे गौरवीकरण नाही. श्रमाची जाणीव पूर्णपणे शाबूत आहे. वस्तूविषयी आतून बोलणे म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना होय.

दुसरे नाव शहादा परिसरातील आदिवासी चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांचे. त्यांच्या १९८७ मधील कवितासंग्रहाचे शीर्षकच 'गोधड' आहे. फाटक्या-जुन्या कपड्यांचे तुकडे एकत्र शिवून केलेले पांघरूण हे दारिद्र्याचे चिन्ह असते आणि त्याच वेळी उबेचे व जोडण्याच्या कौशल्याचेही. संग्रहालयाला गोधडीचा टाका दिसतो, विक्री केंद्राला तिची रंगसंगती दिसते. कवीला ती ज्यांच्या अंगावर आहे ती माणसे दिसतात. त्यांच्या 'स्टेज' या बहुचर्चित कवितेचा आशय असा की, ज्यांचे दुःख आहे ते खाली बसून राहतात आणि व्यासपीठावरचे लोक त्यांचेच दुःख त्यांना सांगतात. ही कविता सामाजिक नेतृत्वाविषयी असली, तरी तिच्यातील प्रश्न वस्तुसंग्रहाच्या व वस्तुलेखनाच्या पद्धतीलाही लागू पडतो. टोपली व्यासपीठावर येते. ती विणणारा मात्र बहुधा अनामिकच राहतो.

शब्दांच्या बाबतीत आशेची एक बाजू आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात पावरी, मावची, देहवाली अशा भाषांना स्वतंत्र स्थान मिळाले. वस्तूंच्या भागांची, वीणप्रकारांची आणि कृतींची नावे या भाषांतून सविस्तर संकलित झाल्यास वस्तुविषयक ज्ञानाचा मोठा ठेवा हाती येईल. वस्तू गेल्यानंतर तिची नावे फार काळ टिकत नाहीत.

५) कच्च्या मालाचा प्रश्न :

वरील चारही दृष्टींत एक मूलभूत प्रश्न बहुधा विचारला जात नाही : टोपलीचा बांबू येतो कोठून? १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था दृढ केली आणि वनातून काही आणणे हा रहिवाशांचा सहजसिद्ध व्यवहार न राहता सवलतीचा, प्रसंगी गुन्ह्याचा विषय झाला. १९२७ च्या कायद्यातील 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू आणि वेत यांचाही समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. पण कायद्याने त्याला वृक्ष म्हटले, त्यामुळे त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वृक्षाची बंधने आली. टोपलीच्या इतिहासात या व्याख्येचे महत्त्व कोणत्याही वीणप्रकाराइतकेच आहे. घरासाठी सूप विणावयाचे तर पहिली पायरी कौशल्याची न उरता परवानगीची झाली.

ही स्थिती पुढे टप्प्याटप्प्याने बदलत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायदा झाल्यानंतर परवाना हाती येण्यास पाच वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २०१७ मधील दुरुस्तीने 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्याचा लाभ मुख्यतः वनक्षेत्राबाहेर पिकविलेल्या बांबूला झाला. वनातील बांबूचा प्रश्न आजही वनहक्कांच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवरच अवलंबून आहे.

जारवांचे उदाहरण या मुद्द्याला उलट बाजूने पुष्टी देते. सुमारे एक हजार चौ. कि.मी.चे राखीव क्षेत्र त्यांच्यासाठी आहे. त्या वनातून जाणारा महामार्ग वादग्रस्त ठरला. तो बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरीही त्यावरील वाहतूक पूर्णपणे थांबली नाही. या ताणातही त्यांच्या अनेक वस्तू वापरात राहिल्या. त्यांचा वेत, मध आणि लाकूड देणारे वन अद्याप त्यांच्या हाताशी आहे, हे त्याचे महत्त्वाचे कारण होय. जेथे वन हाताशी असते तेथे वस्तूला संग्रहालयाची गरज भासत नाही.

जामनेरसारख्या मैदानी व कापूसप्रधान भागात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. वनापासून दूर असलेल्या हातांनी शेतातील अवशेषांना कच्चा माल मानले. तुराट्यांच्या टोपल्या व कणग्या, पऱ्हाट्यांचे कूड, अंबाडीच्या दोरीची बाज, पळसपानांच्या पत्रावळी आणि शिंदीच्या पानांच्या केरसुण्या या वस्तू सामग्री बदलली तरी कौशल्य कसे तग धरते, याची साक्ष देतात. पारंपरिक वस्तू अपरिवर्तनीय असते हा समज यामुळे गळून पडतो.

६) एका आक्षेपाचा विचार :

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, प्लास्टिकचे पिंप, स्टीलचे डबे आणि नायलॉनची दोरी लोकांनी स्वखुशीने स्वीकारली. तेव्हा ऱ्हासाचे खापर कायद्यावर फोडणे एकांगी आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. पिठाच्या गिरणीने स्त्रियांची पहाटेची मेहनत वाचविली. उंदीर-किडीपासून धान्य राखण्यास पत्र्याची कोठी अधिक सोयीची ठरते. घरोट पुन्हा फिरू लागावा, अशी इच्छा घरोट न ओढलेल्यांनी बाळगणे योग्य नव्हे.

तथापि 'स्वीकार' हा शब्द वापरताना पर्याय खुला होता काय, हे पाहिले पाहिजे. एकीकडे बाजारात स्वस्तात मिळणारी प्लास्टिकची टोपली आणि दुसरीकडे वनरक्षकाच्या भीतीने आणावयाचा बांबू, अशा स्थितीत केलेली निवड ही केवळ आवडीची निवड म्हणता येत नाही. शिवाय बांबूचे सूप उसवले तर ते घरच्या घरी पुन्हा विणता येते. तडकलेले प्लास्टिक टाकूनच द्यावे लागते. दुरुस्तीचा अधिकार हातातून गेला की घर कायमचे ग्राहक बनते. जी वस्तू कष्ट वाढविते ती जावी आणि जी स्वावलंबन देते ती राहावी, असा विवेक करण्याची संधी त्या समाजालाच मिळावयास हवी. ती संधी नाकारून नंतर हळहळ व्यक्त करणे यात विसंगती आहे.

निष्कर्ष :

१. आदिवासींच्या नित्योपयोगी वस्तूंची शासकीय, संग्रहालयीन व कलाविषयक मांडणी मोलाची असली, तरी ती वस्तूला करणाऱ्यापासून, वापरापासून आणि कच्च्या मालापासून वेगळी करते.

२. 'मूळ', 'अस्सल', 'अस्पर्शित' ही विशेषणे वस्तूच्या इतिहासाशी विसंगत आहेत. जारवांच्या बाणाचे लोखंड आणि खानदेशातील तुराट्यांची टोपली ही दोन्ही उदाहरणे परंपरेची परिवर्तनक्षमता दाखवितात.

३. बहिणाबाई चौधरी आणि वाहरू सोनवणे यांच्या काव्यात वस्तूकडे आतून पाहण्याची दृष्टी आढळते. वस्तुविषयक संशोधनाने साहित्याकडून ही दृष्टी घेणे उपयुक्त ठरेल.

४. वस्तूंचा ऱ्हास हा वनाधिकाराच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. बांबूवरील हक्क प्रत्यक्षात मिळाल्याखेरीज हस्तकला प्रशिक्षणाचे कार्यक्रम अपुरे राहतील.

५. महाविद्यालयीन स्तरावर या वस्तूंची नोंद करताना पाच गोष्टी टिपणे अगत्याचे आहे : सामग्री कोठून आली, ती आणण्याचा हक्क कोणाचा, वस्तू कोणी केली, तिच्या भागांना करणाऱ्याच्या भाषेत काय म्हणतात, आणि ती मोडल्यावर कोण व कशी दुरुस्त करते. मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे. अशा नोंदीसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वस्तू करणारे वृद्ध हात अजून कामात आहेत तोवर ते सुरू होणे मात्र आवश्यक आहे.